तेहरान, याल्टा, पोट्सडॅम: युद्ध चालू असताना ठरलेलं जग – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तह युद्ध संपल्यावर होतो. मग दोस्त राष्ट्रांचे नेते लढाई चालू असतानाच पुढच्या जगाच्या वाटण्या का करत होते?

कारण या युद्धात तह करायला समोर कुणी उरणारच नव्हतं. जानेवारी १९४३ मध्ये कासाब्लांका इथे रूझवेल्ट आणि चर्चिलने बिनशर्त शरणागतीची घोषणा केली. शत्रूशी वाटाघाट करायची नाही असं एकदा ठरलं, की जर्मनीचं आणि जपानचं पुढे काय करायचं हा प्रश्न फक्त दोस्तांच्या आपसातला उरतो. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये पॅरिसला महिनोन्‌महिने बसून तह लिहिले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीबाबतचा अंतिम निवाडा १२ सप्टेंबर १९९० पर्यंत झालाच नाही. मधली ४५ वर्षं युरोप चालला तो युद्धकाळात लिहिलेल्या, बऱ्याच अंशी 'तात्पुरत्या' म्हटलेल्या कागदांवर.

शिवाय प्रत्येकाला स्वतःची निकड होती. स्टालिनला पश्चिमेकडून दुसरी आघाडी हवी होती. रूझवेल्टला रशियाने जपानवर चालून जावं असं वाटत होतं. चर्चिलला साम्राज्य वाचवायचं होतं. युद्ध संपलं की या गरजाही संपणार आणि आपल्या हातातली किंमत उतरणार, हे तिघांनाही कळत होतं.

कोणत्या बैठका लक्षात ठेवल्या तर चित्र स्पष्ट होईल?

ऑगस्ट १९४१, न्यूफाउंडलंडजवळ जहाजांवर: अटलांटिक सनद. नोव्हेंबर १९४३, कैरो: चीनला सोबत घेऊन जपानचं काय करायचं ते. लगेच पुढे २८ नोव्हेंबर ते १ डिसेंबर, तेहरान: दुसरी आघाडी आणि पोलंडची हद्द. जुलै १९४४, ब्रेटन वुड्स: पैसा, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची आखणी. ऑगस्ट ते ऑक्टोबर १९४४, वॉशिंग्टनमधलं डंबार्टन ओक्स: संयुक्त राष्ट्रांचा मसुदा. ऑक्टोबर १९४४, मॉस्को: चर्चिल आणि स्टालिन दोघेच. ४ ते ११ फेब्रुवारी १९४५, याल्टा. १७ जुलै ते २ ऑगस्ट १९४५, पोट्सडॅम.

लंडनमधली 'युरोपीय सल्लागार समिती' बहुतेक याद्यांत सापडत नाही. जर्मनीच्या विभागणीचा नकाशा तिनेच केला. नेत्यांचे फोटो याल्टात निघाले, पण रेषा लंडनमध्ये आखल्या गेल्या होत्या.

परिषदेत प्रत्यक्ष काम कसं चालायचं?

याल्टाचं उदाहरण घेऊ. काम तीन थरांत चाले. सेनाप्रमुख वेगळे बसत, परराष्ट्रमंत्री दुपारी भेटत आणि तिन्ही नेते दुपारी उशिरा लिवाडिया राजवाड्यात गोल टेबलाभोवती जमत. नेत्यांचं एखाद्या मुद्द्यावर अडलं की तो मुद्दा परराष्ट्रमंत्र्यांकडे जाई. दोन्ही बाजूंना चालेल असा शब्द शोधणं हे त्यांचं काम. तो सापडला तर दुसऱ्या दिवशी नेते मान डोलावत. नाही सापडला, तर मुद्दा एखाद्या आयोगाकडे किंवा 'भावी शांतता परिषदेकडे' ढकलला जाई.

भाषांतर वाक्यामागून वाक्य असं चाले. पावलोव्ह रशियनमधून इंग्रजीत, बोलेन आणि बर्स इंग्रजीतून रशियनमध्ये. म्हणजे दोन तासांच्या बैठकीत खरं बोलणं जेमतेम तासभर. आठ दिवसांत पोलंड, जर्मनी, संयुक्त राष्ट्रं, जपान, युगोस्लाव्हिया, इराण एवढे विषय उरकायचे होते. मोघम शब्द का जन्मतात, याचं निम्मं उत्तर या वेळापत्रकातच आहे.

शेवटी कागद निघत ते एकाहून जास्त. एक जाहीर निवेदन वर्तमानपत्रांसाठी, एक अंतर्गत कार्यवृत्त, आणि याल्टाच्या बाबतीत तिसरा, अतिपूर्वेबद्दलचा गुप्त करार. तो जगाला कळला १९४६ मध्ये.

चर्चिलने टक्केवारीचा कागद लिहून पूर्व युरोप वाटला, हे खरं आहे का?

खरं आहे. ९ ऑक्टोबर १९४४ च्या रात्री क्रेमलिनमध्ये त्याने अर्ध्या कागदावर लिहिलं: रुमानिया, रशिया ९० टक्के, इतर १०. ग्रीस, ब्रिटन ९०, रशिया १०. युगोस्लाव्हिया आणि हंगेरी, निम्मे-निम्मे. बल्गेरिया, रशिया ७५, इतर २५. कागद टेबलावरून पलीकडे सरकवला. स्टालिनने निळ्या पेन्सिलीने त्यावर मोठी बरोबरची खूण केली आणि कागद परत दिला. कोट्यवधी माणसांचं भवितव्य इतक्या सहज ठरवलेलं दिसू नये म्हणून हा जाळून टाकू या का, असं चर्चिलने विचारलं. नको, तुम्हीच ठेवा, असं स्टालिन म्हणाला. ही हकीगत चर्चिलनेच पुढे लिहून ठेवली आहे.

'टक्के' म्हणजे नेमकं काय, हे त्या कागदावर कुठेच नाही. ७५ टक्के प्रभाव मोजायचा कसा? मंत्रिपदं मोजून की पोलीस ठाणी? तरीही पुढचे दोन दिवस ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री ईडन आणि रशियाचा परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह आकड्यांवर घासाघीस करत राहिले आणि हंगेरी-बल्गेरियाचे आकडे रशियाच्या बाजूने ८० पर्यंत गेले. प्रत्यक्षात हंगेरीत ना २० टक्के उरले ना दोन. मात्र ग्रीसमध्ये स्टालिनने शब्द पाळला: डिसेंबर १९४४ मध्ये अथेन्सच्या रस्त्यांवर ब्रिटिश फौज आणि ग्रीक कम्युनिस्ट लढत असताना तो गप्प बसला.

रूझवेल्टने याल्टामध्ये पोलंड विकला का?

हा आरोप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि आमच्या मते तो अर्धवट आहे. याल्टाच्या वेळी रशियाची फौज ओडर नदीवर, बर्लिनपासून जेमतेम ६५-७० किलोमीटरवर होती. जवळजवळ सगळा पोलंड तिच्या मागे पडलेला. जे हातात नाही ते विकता येत नाही.

पण दोष नाही असंही नाही, आणि तो शोधायचा तर शब्दांत शोधावा लागतो. लंडनमध्ये पोलंडचं निर्वासित सरकार होतं, लुब्लिनमध्ये रशियाने बसवलेलं दुसरं. याल्टाचा मजकूर म्हणतो की सध्या पोलंडमध्ये चालू असलेलं सरकार 'अधिक व्यापक लोकशाही पायावर पुनर्रचित' करावं. नवं सरकार बनवा असं नाही, आहे त्याचीच पुनर्रचना. मुक्त निवडणुका लवकरात लवकर घ्याव्यात असंही आहे, पण तारीख नाही, आणि मतदानावर देखरेख ठेवण्याची यंत्रणा नाही. हा मजकूर इतका रबरी आहे की याल्टापासून वॉशिंग्टनपर्यंत ताणला तरी तुटणार नाही, असं रूझवेल्टचा लष्करी सल्लागार अ‍ॅडमिरल लीहीने तिथेच त्याला सांगितलं होतं. रूझवेल्टला ते मान्य होतं. याहून जास्त पदरात पडणार नाही, असं त्याचं उत्तर होतं.

पुढच्याच महिन्यात पोलंडच्या भूमिगत चळवळीच्या १६ नेत्यांना बोलणीसाठी म्हणून बोलावून अटक झाली. निवडणुका जानेवारी १९४७ मध्ये झाल्या, त्या दहशतीत आणि फेरफार करून.

पोलंड 'सरकवला' म्हणजे नेमकं काय केलं?

तेहरानमध्ये चर्चिलने टेबलावर तीन काड्या ठेवल्या, रशिया, पोलंड आणि जर्मनीसाठी, आणि त्या पश्चिमेकडे सरकवून दाखवल्या. पुढे झालं ते तसंच. पूर्वेला हद्द साधारण कर्झन रेषेवर, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर पोलंड आणि रशियामध्ये सुचवलेल्या हद्दीवर आली, म्हणजे पोलंडने सुमारे १,८०,००० चौरस किलोमीटर गमावले. पश्चिमेला ओडर आणि नाइसे नद्यांपर्यंत सुमारे १,००,००० चौरस किलोमीटर जर्मनीकडून मिळाले. युद्धापूर्वीचा ३,८९,००० चौरस किलोमीटरचा देश ३,१२,००० चा झाला.

काड्या सरकवल्या की माणसंही सरकतात. ल्वूफ आणि विल्नो भागातले पोलिश लोक पश्चिमेला आले. तिथले जर्मन जर्मनीत हाकलले गेले. पोट्सडॅमच्या कागदात 'सुव्यवस्थित आणि माणुसकीने' असे शब्द आहेत. पूर्व आणि मध्य युरोपातून मिळून सुमारे १ कोटी २० लाख जर्मनांना घरदार सोडावं लागलं आणि त्यात लाखो माणसं दगावली.

या रेषेची एक खूण महाराष्ट्रात आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती, मुख्यतः बायका आणि मुलं. १९४० आणि १९४१ मध्ये रशियाने पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलेली ही कुटुंबं इराणमार्गे इथे आली होती. युद्ध संपलं की घरी जायचं, अशी त्यांची आशा. पण याल्टाने त्यांची गावंच सोव्हिएत हद्दीत टाकली. छावणी उठली तेव्हा अनेक जण पोलंडऐवजी ब्रिटनला आणि इतर देशांत गेले. त्याच जागी फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं वसली, तेच आजचं गांधीनगर. एकाच पंचक्रोशीत दोन वेगवेगळ्या रेषांनी बेघर केलेली माणसं राहून गेली.

म्हणजे कागदाला काही किंमत नव्हती, फौज उभी होती तिथे हद्द, असंच ना?

नाही. हा निष्कर्ष सोपा आहे, पण चुकीचा आहे. एप्रिल १९४५ मध्ये लाइपझिग अमेरिकी फौजेने जिंकलं. सॅक्सनी आणि थुरिंजियाचा मोठा भाग तिच्या ताब्यात होता. पण लंडनच्या समितीने १२ सप्टेंबर १९४४ रोजी आखलेल्या नकाशात तो सोव्हिएत विभागात होता. जुलै १९४५ च्या सुरुवातीला अमेरिकी फौज तिथून मागे आली.

कोरियातही तसंच. १० ऑगस्ट १९४५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अधिकाऱ्यांनी एका मासिकाचा नकाशा समोर ठेवून ३८ वं अक्षवृत्त निवडलं. वेळ मिळाला होता सुमारे अर्धा तास. रशियन फौज तेव्हाच कोरियाच्या वेशीवर होती, अमेरिकी फौज इंचॉनला उतरली ती ८ सप्टेंबरला. स्टालिनला सगळा द्वीपकल्प घेता आला असता. त्याने रेषा मानली.

आमचं म्हणणं असं: नकाशावर स्पष्ट रेषा असली की फौजा ती बहुतेक वेळा पाळत. 'लोकशाही', 'मित्रत्वाचं सरकार', 'योग्य वेळी' असे शब्द असले की त्यांचा अर्थ जागेवर असलेली फौज लावत असे. कैरोच्या घोषणेत कोरियाला 'यथावकाश' स्वातंत्र्य मिळेल असं लिहिलं होतं. त्या यथावकाशाचे दोन देश झाले.

बर्लिन सोव्हिएत विभागाच्या मधोमध होतं, तर तिथे जायचा रस्ता कुणी लिहून का घेतला नाही?

सगळ्या चुकांमध्ये ही सगळ्यात शिकण्यासारखी आहे. बर्लिन पश्चिमेकडच्या विभागांपासून सुमारे १६० किलोमीटर आत होतं. लंडनच्या करारनाम्यात शहराची विभागणी तपशिलाने आली, पण तिथवर पोचायच्या हक्काबद्दल एक ओळ नाही. अमेरिकेच्या युद्ध खात्याला वाटलं, रस्ते आणि रेल्वे हा लष्करी तपशील, तो जागेवरचे सेनापती बघतील. लंडनमधल्या अमेरिकी प्रतिनिधीला वाटलं, आत्ताच रस्ता मागितला तर रशियाला संशय येईल.

२९ जून १९४५ रोजी अमेरिकेचे जनरल क्ले आणि रशियाचे मार्शल झुकोव्ह भेटले. एक महामार्ग, एक रेल्वेमार्ग आणि हवाई वाट यांवर तोंडी ठरलं. क्लेने ते लिहून घेतलं नाही. लिहून घेतलं तर तेवढ्यावरच बांधलं जाऊ, आपला हक्क त्याहून मोठा आहे, असा त्याचा हिशेब होता. हवाई मार्गांचं मात्र पुढे रीतसर झालं: नोव्हेंबर १९४५ मध्ये प्रत्येकी २० मैल रुंदीचे तीन हवाई पट्टे चारही सत्तांनी मंजूर केले.

२४ जून १९४८ रोजी रशियाने रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. हवाई पट्टे लेखी होते, ते बंद करायचे तर विमानं पाडावी लागली असती. म्हणून १२ मे १९४९ पर्यंत शहर विमानांवर जगलं. कोळसा, पीठ आणि बाकीचं सामान मिळून सुमारे २३ लाख टन माल हवेतून आला. जे तोंडी होतं ते एका आदेशाने बंद झालं. जे लेखी होतं ते टिकलं.

युद्धभरपाईच्या वादातून जर्मनीचे दोन तुकडे झाले, ते कसे?

याल्टामध्ये रशियाने २,००० कोटी डॉलरचा आकडा मांडला, त्यातला निम्मा स्वतःसाठी. तो 'चर्चेचा आधार' म्हणून लिहिला गेला. मॉस्कोने तो वचन समजला, लंडनने तो आकडा मानायलाच नकार दिला. पोट्सडॅममध्ये तोडगा निघाला: ज्याने त्याने आपापल्या विभागातून भरपाई घ्यावी. शिवाय रशियाला पश्चिम विभागांतल्या, शांतताकाळात गरज नसलेल्या यंत्रसामग्रीपैकी १५ टक्के धान्य, कोळसा वगैरेंच्या बदल्यात, आणि १० टक्के फुकट.

गोम अशी की त्याच कागदात जर्मनी 'एकच आर्थिक घटक' मानावा असंही होतं. देश आर्थिकदृष्ट्या एक आणि वसुली मात्र वेगवेगळी, हे जमणारं नव्हतं. पूर्वेकडून धान्य येईना आणि पश्चिमेकडची यंत्रं जात राहिली, तेव्हा मे १९४६ मध्ये क्लेने अमेरिकी विभागातून माल पाठवणं थांबवलं. १९४८ मध्ये पश्चिमेत वेगळं चलन आलं, १९४९ मध्ये दोन राज्यं.

सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार कुठून आला?

डंबार्टन ओक्समध्ये हाच मुद्दा सुटला नव्हता, याल्टात सुटला. सूत्र असं: परिषदेत ११ सदस्य. कार्यपद्धतीच्या प्रश्नांवर कोणतीही ७ मतं पुरे. बाकी सगळ्यावर ७ मतं, पण त्यात पाचही कायम सदस्य हवेत. त्याच सौद्यात रशियाला युक्रेन आणि बेलारूस यांच्या नावाने महासभेत दोन जादा जागा मिळाल्या. आधी त्याने १६ मागितल्या होत्या.

संयुक्त राष्ट्रांची सनद ठरवणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत लहान देशांनी जोरदार विरोध केला. बड्यांचं उत्तर सरळ होतं: नकाराधिकार नसेल तर संघटनाही नाही. १९६५ मध्ये सदस्य १५ आणि आवश्यक मतं ९ झाली, नकाराधिकार तसाच राहिला. सनदेत बदल करायचा तर पाचही जणांची मंजुरी लागते. भारताच्या कायम सदस्यत्वाच्या प्रत्येक चर्चेला ही कडी आडवी येते.

भारताला या सगळ्यात काही स्थान होतं का?

सैन्य पाठवणारा देश म्हणून मोठं, निर्णय घेणारा म्हणून जवळपास नाही. अटलांटिक सनदेच्या तिसऱ्या कलमात प्रत्येक जनतेला आपलं सरकार निवडायचा हक्क मान्य केला होता. ९ सप्टेंबर १९४१ रोजी चर्चिलने पार्लमेंटमध्ये सांगितलं की हे नाझींच्या टाचेखालच्या युरोपापुरतं आहे, भारताला आणि ब्रह्मदेशाला लागू नाही. रूझवेल्टने पुढच्या फेब्रुवारीत सनद साऱ्या जगासाठी असल्याचं म्हटलं. गांधीजींनी १ जुलै १९४२ च्या पत्रात त्याला लिहिलं की भारत गुलाम असेतोवर ही भाषा पोकळच वाटते.

ब्रेटन वुड्सला चिंतामणराव देशमुख गेले होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. युद्धासाठी ब्रिटनने भारतातून उधारीवर घेतलेल्या मालाचं आणि सेवांचं येणं एक अब्ज पौंडांच्या पुढे चाललं होतं. निदान त्याचा काही भाग नाणेनिधीमार्फत मोकळा व्हावा, अशी भारतीय शिष्टमंडळाची मागणी होती. ब्रिटनच्या शिष्टमंडळाचा प्रमुख, अर्थतज्ज्ञ केन्सने हा दोन देशांमधला प्रश्न ठरवून बाहेर ठेवला. हाती लागला तो ४० कोटी डॉलरचा कोटा. रशिया नाणेनिधीत आला नाही, म्हणून भारत सर्वांत मोठ्या पाच कोट्यांमध्ये गेला आणि कार्यकारी मंडळावर आपला संचालक नेमायचा हक्क मिळाला.

भारतीय जवानांना मात्र या कागदांची झळ थेट बसली. पोट्सडॅममध्ये व्हिएतनाम १६ व्या अक्षवृत्तावर विभागला गेला: उत्तरेत जपान्यांची शस्त्रं चीन काढून घेणार, दक्षिणेत आग्नेय आशियातला दोस्तांचा सरसेनापती माउंटबॅटन याचं सेनामुख्यालय. तिथे गेली २० वी भारतीय डिव्हिजन. जावाही माउंटबॅटनकडे आलं, आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये सुराबायात उतरलेल्या ४९ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. काम सांगितलं होतं जपान्यांची शस्त्रं उतरवायचं आणि कैद्यांना सोडवायचं. समोर उभे ठाकले स्वातंत्र्य जाहीर केलेले इंडोनेशियन लोक. ज्यांना स्वतःचं स्वराज्य अजून मिळालं नव्हतं, ती पोरं दुसऱ्याच्या स्वराज्याशी लढताना मेली. १० नोव्हेंबरला तिथे मोठी लढाई पेटली. इंडोनेशिया तो दिवस वीर दिन म्हणून पाळतो.

मूळ दस्तऐवज वाचायचे तर काय बघावं?

आधी बघा, तो कागद कोणता आहे: जाहीर निवेदन, कार्यवृत्त की गुप्त करार. मग क्रियापदं तपासा, 'करतील' आणि 'करण्याबाबत विचार करतील' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तारीख आहे का, देखरेख कुणाची, पाळलं नाही तर काय, हे शोधा. आणि कोण खोलीत नव्हतं ते नोंदवा. चीनच्या मंचुरियातली रेल्वे आणि बंदरं याल्टात रशियाला देऊ केली गेली, ते चीनचा नेता च्यांग काय-शेकला अधिकृतपणे सांगितलं गेलं जूनमध्ये.

एकच शब्द किती पुरतो, हे त्याच गुप्त करारात दिसतं. जर्मनी शरण आल्यावर दोन-तीन महिन्यांत रशियाने जपानविरुद्ध उतरायचं होतं, आणि तो बरोबर तीन महिन्यांनी, ८ ऑगस्टला उतरला. मोबदल्याच्या कलमांत दक्षिण साखालिन 'परत' करायचं आहे. कुरील बेटं मात्र 'सुपूर्द' करायची आहेत, परत नव्हे. कोणती बेटं कुरील म्हणायची, हे लिहिलेलंच नाही. होक्काइदोच्या लगतची चार बेटं कुरीलमध्ये येत नाहीत असं जपान म्हणतो, येतात असं रशिया म्हणतो, आणि त्या दोघांत दुसऱ्या महायुद्धाचा शांतता तह आजही झालेला नाही.